लंडीनं सोडलेला झेल

पिरोगी तळून झाल्या तेव्हा दुपार कलली होती. बटाटा आणि चीज भरलेल्या त्या जाडसर करंज्या व्हर्ना ह्रुस्कानं परतलेल्या कांद्यात घोळवल्या, डब्याला फडकं गुंडाळलं आणि ती ओडेलच्या गॅरेजकडे निघाली. जवळच तर होतं. पण नदीवरून धुकं चढायला लागलं होतं आणि ते तिला काही आवडलं नाही. तिचा मुलगा डेनी तिला घ्यायला नदीकाठच्या रस्त्यानंच येणार होता. निघताना त्यानं फोन केला होता.

"आई, तुमचा खेळ संपेपर्यंत पोचतो. माझ्या चार पिरोगी बाजूला काढ. नाहीतर तो स्टॅन डबासुद्धा चाटून ठेवेल."

पन्नाशीला आलेला बाप्या, दोन पोरींचा बाप, आणि खाण्यावरून भांडण अजून तसंच.

खेळ म्हणजे खेळ नव्हे, खेळाची आठवण. हार्लन फॉल्सच्या हेरन्स संघानं चाळीस वर्षांपूर्वी बेसबॉलच्या फायनलमध्ये मर्सरला धूळ चारली, तिची. तुम्ही म्हणाल, म्हातारी माणसं आणि जुने सामने, त्यात काय एवढं? एवढंच, की पाचातले पहिले दोन सामने हरून झाले होते. तिसऱ्यात शेवटची इनिंग, सहा रन मागे, दोन गडी बाद, बेसवर चिटपाखरू नाही. आणखी एक बाद झाला की संपलं. लोक गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन उभे राहिले होते. तिथून हेरन्सनी सात रन काढले. मग चौथा सामना जिंकला, पाचवाही जिंकला. पुढे गावातला पोलादाचा कारखाना गेला, सिनेमा गेला, तरणी पोरं गेली. ती रात्र मात्र गावानं कुठे जाऊ दिली नाही.

जुनं स्टेडियम पाडलं तेव्हा खुर्च्या विकायला काढल्या होत्या. त्या रात्री शेजारी शेजारी बसलेल्या चौघांनी आपापल्या खुर्च्या घेतल्या, लोखंडी पायांच्या, हिरव्या रंगाच्या. ओडेल गेन्सनं त्या आपल्या गॅरेजात जमिनीला बोल्टनं आवळून टाकल्या, एका रांगेत, होत्या तशाच. दर सप्टेंबरात एका शनिवारी तिथे बसायचं आणि ती इनिंग पहिल्यापासून सांगायची. ज्याचं त्याचं काम ठरलेलं. ओडेलनं चेंडूगणिक सांगायचं. स्टॅननं मध्ये मध्ये कधी आपल्या फळीवाल्याला, कधी चेंडू टाकणाऱ्या पिचरला शिव्या घालायच्या. चेस्टरनं तो सुटलेला झेल ओरडायचा. आणि व्हर्नानं रन मोजायचे.

एक नेमही होता. संघाची चढती लागली की टोपी उलटी करून घालायची, अस्तर बाहेर, आणि बसल्या जागेवरून हलायचं नाही. तहान लागो, लघवी लागो, हलायचं नाही. शहाणीसुरती माणसं, कुणी बस दुरुस्त करणारं, कुणी बँकेतलं. पण चढती चालू असताना कुणी उठलं तर सख्ख्या भावाला मारायला धावतील.

चेस्टर वसंतात गेला. झोपेतच. रांगेच्या टोकाची त्याची खुर्ची आज रिकामी होती.

"आलीस का? आण तो डबा इकडे." स्टॅन पेट्राक आधीच येऊन बसला होता. पाय पुढे ताणलेला. "व्हर्ना, एक कर बाई. तू चेस्टरच्या जागी सरक. मला तुझ्या खुर्चीवर पाय टेकवू दे. हा गुडघा जीव घेतोय."

"पाय जमिनीवर ठेव की. चांगली सिमेंटची आहे."

"डॉक्टरनं वर ठेवायला सांगितलाय."

"डॉक्टरनं बिअरसुद्धा सोडायला सांगितली होती."

"तुम्ही दोघं लग्न का नाही केलंत?" ओडेल हसला. "सरक गं. त्याची कुरकुर ऐकायची की सामना ऐकायचा?"

व्हर्ना घुटमळली. चाळीस वर्षांत कुणी जागा बदलली नव्हती. पण कारण काय सांगणार? खरं कारण तिनं या दोघांना कधीच सांगितलं नव्हतं.

तिला बेसबॉलचं काडीचं वेड नव्हतं. त्या रात्री डेनी नऊ वर्षांचा होता आणि स्टेडियमसमोरच्या इस्पितळात मेंदूज्वरानं बेशुद्ध पडला होता. नर्सनं त्याच्या मनगटाला नावाची पट्टी बांधली आणि भेटीची वेळ संपली म्हणून तिला बाहेर काढलं होतं. त्या काळी आयांनाही काढत. घरी जाववेना, म्हणून ती समोर दिवे दिसले तिथे जाऊन बसली, तीन अनोळखी पुरुषांच्या रांगेत. आणि सहा रन मागे असताना तिनं मनातल्या मनात म्हटलं होतं: ही नालायक पोरं जर जिंकली, तर माझा पोरगा जगेल. जिंकली. पहाटे डेनीनं डोळे उघडले.

हे बोलायचं नसतं. बोललं की ढिलं पडतं. तिनं जपलं होतं.

ती सरकून चेस्टरच्या खुर्चीत बसली. लाकूड गार होतं, गार आणि जरा ओलसर. टोप्या उलट्या झाल्या. स्टॅननं पाय तिच्या खुर्चीवर टाकला. गॅरेजच्या उघड्या दारातून धुकं आत सरपटत येत होतं आणि ग्रीसच्या, कांद्याच्या वासात नदीच्या चिखलाचा वास मिसळत होता.

"तर मग," ओडेलनं घसा साफ केला. "दोन बाद. बेस रिकामे. आपला कोवॅक फळी घेऊन उभा. पहिला चेंडू... हुकला."

"आंधळ्या!" स्टॅन ओरडला.

"दुसराही हुकला. तिसऱ्याला त्यानं फटका मारला. पण कसला फटका! चेंडू नुसता वर. डावीकडे, उंच, दिव्यांच्याही वर. आणि खाली मर्सरचा लंडी. दोन्ही हात वर करून उभा. चेंडू येतोय... येतोय..."

इथे चेस्टर उठल्यासारखा करून ओरडायचा: सोडला!

दोघांनी व्हर्नाकडे बघितलं. आता ते तिचं काम होतं. तिनं तोंड उघडलं.

"झेलला."

आवाज तिचाच होता. पण असा थंड, असा निर्विकार, जणू बसची वेळ सांगावी.

छपरावरून एक थेंब पडला.

"काय गं, चेष्टा करतेस होय?" स्टॅन हसला. मग त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. त्यानं टोपी काढून कपाळ खाजवलं. "पण... झेललाच होता ना त्यानं. लंडीनं."

"झेलला," ओडेल हळूच म्हणाला. "म्हणजे काय. साधा झेल होता तो. आणि मग आपण पार्किंगमध्ये पावसात उभे होतो. तुझी गाडी सुरू होईना, स्टॅन."

"बॅटरी गेली होती."

"गाड्या कसल्या डोंबलाच्या!" व्हर्ना म्हणाली. "सात रन काढले आपण. मी मोजलेत. चाळीस वर्षं मोजतेय!"

दोघं तिच्याकडे बघायला लागले. त्या नजरेत चेष्टा नव्हती. कीव होती, आणि त्या किवेचा तिला संताप आला.

"व्हर्ना," ओडेल म्हणाला, "आपण हरलेल्या सामन्यालाच जमतो ना गं? हसायला. मन हलकं करायला. तूच तर म्हणालीस... तुझा पोरगा गेल्यावर..."

"कोण गेलं?"

ओडेलनं मान खाली घातली. स्टॅन पाय चोळत बसला.

"माझा डेनी येतोय मला न्यायला. आत्ता. रस्त्यात आहे तो."

"बरं," स्टॅन मऊ आवाजात म्हणाला. स्टॅन पेट्राक, ज्यानं जन्मात कधी मऊ आवाज काढला नव्हता. "बरं. येऊ दे. तू जरा कॉफी घे."

मूर्ख म्हातारे, डोकी फिरलीत यांची, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. डेनीचा फोन आला होता. दुपारीच. काय म्हणाला तो? काहीतरी ठेव म्हणाला. काय ठेव?... डेनीची बायको... उंच आहे, चष्मा आहे... नाव काय तिचं? पोरींची नावं? व्हर्नानं डोळे मिटले आणि मुलाचा चेहरा आठवायला गेली. आठवला. नऊ वर्षांचा. ओठ सुकलेले, उशी घामानं भिजलेली. त्याच्यापुढचा एकही चेहरा येईना.

आणि मग तिला कळलं, की तीही विसरायला लागली आहे. थोड्या वेळानं तीही कॉफी घेईल, आणि हो म्हणेल.

ती उठली. चढती लागली असताना, नेम मोडून, ताडकन उठली.

"स्टॅन, पाय काढ."

"अगं, दुखतोय..."

"पाय काढ, नाहीतर मोडून हातात देईन!"

तिनंच त्याचा पाय उचलून खाली टाकला. तो कळवळला. ती आपल्या खुर्चीत धपकन बसली आणि तिनं दोन्ही हातांनी लाकूड धरलं.

"ओडेल, सांग. पहिल्यापासून."

"व्हर्ना, कशाला उगाच..."

"मला शिकवू नकोस. सांग! दोन बाद, बेस रिकामे. उभा कोण?"

"कोवॅक," ओडेल पुटपुटला.

"पहिला चेंडू?"

"हुकला."

"स्टॅन, शिवी घाल."

"आं... आंधळ्या," स्टॅन म्हणाला. जीव नव्हता त्यात.

"नीट घाल!"

"आंधळ्या!"

"दुसरा हुकला," ओडेल म्हणाला. त्याचा आवाज आता थरथरत होता, का ते त्यालाही कळत नसावं. "तिसऱ्याला फटका. चेंडू वर. डावीकडे... लंडी खाली... हात वर..."

चेस्टरच्या रिकाम्या खुर्चीकडून कुणीतरी श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला. लाकूड करकरलं. व्हर्नानं तिकडे बघितलं नाही. तिला दिसत होता तो चेंडू, पांढरा, धुक्यात, खाली येणारा, आणि लंडीचे पसरलेले दोन हात. चेंडू त्या हातमोज्यात पडत होता. स्पष्ट पडत होता. तिनं तो पडू दिला नाही. कसं ते विचारू नका. तिच्या छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं गोळा करून ती ओरडली, त्या म्हातारीच्या गळ्यातून निघू नये अशा आवाजात:

"सोडला! सोडला मेल्यानं!"

गॅरेजचा पत्रा घुमला. ओडेल दचकला. मग हळूहळू, झोपेतून जागं व्हावं तसा त्याचा चेहरा बदलला.

"सोडला," तो म्हणाला. "हो... सोडला! आणि कोवॅक पळाला! मर, पण पळ! पुढचा आपला तो बुटका, त्यानं उजवीकडे ठोकला..."

"एक," व्हर्नानं मोजलं.

"पिचरचा हात बघ कसा कापतोय! घाल त्याच्या डोक्यात फळी!" स्टॅन पाय विसरून ओरडत होता.

दोन. तीन. व्हर्नाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती हात सोडत नव्हती. चार. पोरींची नावं आली: टेस आणि ज्युन. पाच. सुनेचं नाव मार्गो. सहा. त्याच्या लग्नातला पाऊस, त्याची तुटलेली कॉलरबोन, चार पिरोगी ठेव. सात.

"सात!" तिघंही ओरडले. स्टॅननं बिअर अंगावर सांडली. ओडेल हसत हसत डोळे पुसत होता. "दर वर्षी! दर वर्षी अंगावर काटा येतो बघ!"

"मघाशी तुम्ही काय बोललात, आठवतंय?" व्हर्नानं विचारलं.

"मघाशी? काय बोललो? तूच कुठे तोंड उघडू दिलंस, बाई."

बाहेर गाडी थांबली. दार आपटलं. धुक्यातून डेनी आत आला, चांगला दांडगा, टक्कल पडलेला, पन्नाशीचा, आणि व्हर्नानं इतका मोठा श्वास सोडला की तिला चक्कर आली.

"जिंकलात का मग?" तो म्हणाला. "माफ कर आई, उशीर झाला. पुलाच्या वळणावर गाडी थांबवावी लागली. काही सुचेना बघ. कुठे निघालोय तेच आठवेना. चांगला वेळ बसून होतो. मग एकदम माणसं ओरडल्यासारखं वाटलं, आणि आठवलं." तो हसला. "म्हातारा झालो. चल, ऊठ. घरी जाऊ."

त्यानं तिला उठवायला हात पुढे केला. बाही वर सरकली.

मनगटात पट्टी होती. इस्पितळात पोरांच्या हाताला बांधतात तसली, प्लॅस्टिकची, लहान मुलाच्या मापाची. त्या जाड मनगटात ती रुतली होती, दोन्ही बाजूंनी मांस सुजून वर आलं होतं.

"हे काय आहे?"

डेनीनं मनगटाकडे पाहिलं, जणू घड्याळ पाहावं. "हे? कुणास ठाऊक. घट्ट होतेय खरी."

ओडेल उठायच्या बेतात होता. त्याची नजर पट्टीवर गेली. चढती अजून संपली नव्हती, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. तो परत खुर्चीत बसला. स्टॅनही जागेवरच राहिला, दुखता पाय दुमडून.

"आई, ऊठ ना. थंडी वाजतेय मला."

"थांब जरा, बाळा," व्हर्ना म्हणाली. एका हातानं तिनं खुर्ची सोडली नव्हती. दुसऱ्या हातानं तिनं त्याचं मनगट धरलं. ते तापानं फणफणलं होतं. पट्टीवर निळ्या अक्षरांत त्याचं नाव होतं, नर्सच्या घाईच्या हातानं लिहिलेलं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

अंगठा निळा झाला. शाई अजून वाळली नव्हती.