आयुष्य वाढवलेले पट्टे

हे खरं आहे, असं सांगताना मला आनंद होत नाही. खोटं असतं तर सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मोठी बहीण आहे, आणि ताईला मी आजवर एकदाही गोष्ट रंगवून सांगताना पाहिलेलं नाही.

ही घटना रात्रीची नाही.

भर दुपारची आहे.

लष्करी विमानतळाच्या टोकाला, धावपट्टीकडे पाठ करून उभं असलेलं पत्र्याचं एक लांबलचक स्टोअर. उन्हानं तापलेला पत्रा मधूनच तडतडतो. त्याखेरीज तिथे काही ऐकू येत नाही.

निदान येऊ नये...

ताई तिथल्या लॉजिस्टिक्स स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे पुरवठ्याच्या तुकडीत, स्टोअरकीपर आहे. विमान आकाशात दिसतं. ते ज्यांच्या जिवावर उडतं त्या वस्तू या पत्र्याखाली मुकाट पडून असतात. टायर, पंप, इंधनाच्या नळ्या, पॅराशूट, बूट. आणि अगदी मागच्या भिंतीला, कापडाखाली झाकलेल्या शवपेट्या. त्याही इथूनच जातात. वैमानिकांचे फोटो छापून येतात. यांच्या वाट्याला फक्त फोन येतात, आणि फोनवर शिव्या.

स्टोअरच्या एका कोपऱ्यात जाळीची खोली आहे. विमानात माल बांधायचे नायलॉनचे रुंद पट्टे तिथे टांगलेले असतात. प्रत्येक पट्ट्याला आवळण्यासाठी एक लोखंडी खटका.

या पट्ट्यांना वय असतं. ऊन, तेल आणि ताण यांनी धागा आतून मरत जातो, आणि वरून तो होता तसाच दिसतो. म्हणून तिथला नियम कडक: मुदत संपली की पट्टा त्याच दिवशी कात्रीनं कापायचा. नुसता बाजूला ठेवायचा नाही. अखंड पट्टा डोळ्यांसमोर असला की घाईच्या वेळी कोणीतरी तो उचलतोच.

त्या वर्षी नवे पट्टे आलेच नाहीत.

वरून हुकूम आला. जुने कापू नका, त्यांचं आयुष्य वाढवलं आहे.

एका सहीनं मेलेला धागा जिवंत ठरला. माणसांसाठी अशी सोय अजून निघालेली नाही.

त्या पट्ट्यांनी माल बांधणाऱ्यांत सगळ्यात जुना माणूस म्हणजे उस्ताद. लोडमास्टर. माझ्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, हे काम त्यांनीच शिकवलं. उस्तादांची एक लकब होती. खटका आवळून झाला की ते पट्टा दोनदा ओढून बघत, मालाच्या लाकडी पेटीवर तळहातानं थोपटत आणि म्हणत, "झोप बाळा." सगळे हसायचे. आणि सगळेच पुढे आपापल्या पेट्यांना झोपवायला शिकले.

एका उड्डाणात त्यांतले काही पट्टे तुटले. पेटी सरकली.

उस्ताद पेटी आणि विमानाची भिंत यांच्या मधे होते.

चौकशी झाली. पट्टे का तुटले? तर म्हणे, उस्तादांनी ते चुकीच्या कोनात आवळले होते. पट्ट्यांचं वय कोणी विचारलं नाही. मेलेला माणूस सोयीचा असतो. तो उलट उत्तर देत नाही.

नंतर उस्तादांची बायको त्यांचं सरकारी सामान जमा करायला ताईच्या खिडकीशी आली. तोही नियमच. बूट, टोपी, जाकीट... एकेक वस्तू ती फळीवर ठेवत होती.

"बाई, हातमोजा एकच आहे," शेजारचा कारकून म्हणाला.

"दुसरा ज्या हातात होता तो हात मला कोणी दाखवला नाही," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला दिसला असेल तर त्याच्याकडून मागून घ्या."

ताईनं जोडी पूर्ण मिळाल्याची नोंद केली आणि खिडकी लावून घेतली.

त्यानंतर काही दिवसांनी ते सुरू झालं.

जेवणाची वेळ होती. स्टोअरमध्ये ताई एकटी. डबा उघडला, आणि मागून आवाज आला...

कट्... कट्... कट्...

खटका आवळल्याचा.

ती उठून गेली. जाळीच्या खोलीला कुलूप होतं. आत कोणी नव्हतं. पट्टे खुंट्यांवर लोंबत होते, आणि त्यांतला एकच हळूहळू झुलत होता.

वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. कट्, कट्, कट्, मग क्षणभर शांतता, मग पट्ट्याला दोन हिसके... आणि लाकडावर तळहात पडल्यासारखा मऊ आवाज.

जाळीच्या खोलीत लाकडाची एकही वस्तू नाही.

ताईनं कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार? पुरवठ्याची माणसं तशीही कामाच्या ओझ्यानं खुळावलेली असतात, असा सगळ्यांचा समज.

मग ती दुपार आली.

त्या दिवशी खटक्यांचा आवाज थांबेना. एकामागून एक, जणू कोणी फार घाईत आहे. ताईनं कुलूप काढलं, दार ढकललं...

खुंट्या रिकाम्या होत्या.

सगळे पट्टे जमिनीवर होते. पण पडलेले नव्हते. ते ताठ होते. उभे, आडवे, तिरके, एखाद्या मोठ्या पेटीवर आवळावेत तसे, कोपऱ्यांवर काटकोनात वळलेले, तारेसारखे ताणलेले.

आत पेटी नव्हती.

आत काहीच नव्हतं.

रिकाम्या जागेला कोणीतरी घट्ट बांधून ठेवलं होतं.

ताईनं बोट लावलं. पट्टा ताणानं थरथरत होता. आणि तिच्या डोळ्यांदेखत, बोटाखालचा धागा उसवत गेला... एक, मग त्याच्या शेजारचा... तट्! एक पट्टा तुटला. मग दुसरा. मग सगळेच.

ती ओरडून मागे सरली. पुन्हा पाहिलं तेव्हा पट्टे खुंट्यांवर होते. अखंड.

ती धावत साहेबांकडे गेली. पाहिलेलं मात्र सांगितलं नाही. जे सांगण्यासारखं होतं तेवढंच बोलली.

"सर, ते पट्टे मला कापू द्या."

"आणि उद्याचा माल कशानं बांधू? सुतळी आणू?"

"उड्डाण पुढे ढकला."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमचे मिस्टर आहेत ना उद्या?"

"हो."

"मग तुम्ही आत्ता कोण म्हणून आलात? स्टोअरकीपर की बायको?"

"दोघीही आल्यात, सर. दोघींचं म्हणणं एकच आहे."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी वर फोन केला. बराच वेळ "हो सर, हो सर" करत राहिले. मग फोन ठेवून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "पट्टे द्या."

घरी तिनं भाऊजींना सगळं सांगितलं.

"नको जाऊस."

"का? स्वप्नात उस्ताद आले?"

"स्वप्नात नाही. दुपारी. चांगली शुद्धीवर होते मी."

भाऊजींचं हसू मावळलं. "अगं, मी आजारी पडलो तर माझ्या जागी दुसरा जाईल. त्याच्याही घरी कोणीतरी आत्ता हेच म्हणत बसलं असेल."



सकाळी ते खिडकीशी आले. "मॅडम, लवकर करा, विमान माझ्यासाठी थांबत नाही."

तिनं पट्टे फळीवर ठेवले. पण हात सुटेना.

"सोड," ते हळूच म्हणाले.

तिनं सोडले.

पुढचं भाऊजींनी सांगितलेलं आहे. डोंगरांवर हवा खवळली. विमान दगडासारखं खाली कोसळलं, सावरलं, पुन्हा कोसळलं. भाऊजी पट्टे तपासायला पेटीच्या मागे गेले, आणि तेवढ्यात पहिला पट्टा तुटला.

तट्.

मग दुसरा. मग सगळेच.

पेटी सुटली. मागे भिंत, समोर पेटी. पळायला जागा नव्हती. त्यांनी डोळे मिटले.

वाट पाहिली...

पेटी आली नाही.

इंजिनांच्या त्या गदारोळात, अगदी कानाशी, त्यांना कोणीतरी धापा टाकताना ऐकू आलं. फार मोठं वजन छातीवर पेलून धरलेल्या माणसाच्या धापा. मग कट्, कट्, कट्... आणि तो ओळखीचा आवाज, थकलेला.

"झोप बाळा."

डोळे उघडले. पेटी त्यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर होती. सगळे पट्टे जागच्या जागी. घट्ट. त्यांतला एकही तुटलेला नव्हता.

विमान सुखरूप उतरलं. भाऊजींनी पाहिलं ते जसंच्या तसं लिहून दिलं. डॉक्टरांनी तपासून ताण असल्याचं निदान केलं, थोडी विश्रांती दिली. आणि अहवाल तयार झाला.

हवा एवढी वाईट असूनही पट्टे शाबूत राहिले. अर्थात पट्टे उत्तम आहेत. अर्थात मागच्या अपघातात दोष बांधणाऱ्याचाच होता.

पट्ट्यांचं आयुष्य पुन्हा वाढवण्यात आलं.

ज्यानं आमचा माणूस वाचवला, त्याचं ते वाचवणंच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरलं. याहून कडू काही मी आजवर चाखलेलं नाही.

परवा ताईचा फोन आला.

"जाळीच्या खोलीत आता काहीच वाजत नाही रे."

"मग बरंच झालं की."

"बरं?" ती म्हणाली. "तो अहवाल मी उस्तादांना वाचून दाखवला. जाळीसमोर उभी राहून. वाटलं, त्यांना कळायला नको का? शेवटची ओळ वाचली... आणि आतून एक खटका सुटल्याचा आवाज आला. आवळल्याचा नाही. सुटल्याचा. तेव्हापासून सगळं बंद आहे."



आज सकाळी भाऊजी पुन्हा उड्डाणावर गेले आहेत. हवा वाईट आहे. पट्टे तेच आहेत. ताईनंच काढून दिले. मी हे लिहितो आहे आणि ती तिच्या खिडकीशी बसून आहे, जाळीकडे कान लावून. एखादा तरी आवाज यावा म्हणून.

अजून आलेला नाही.