झेनासच्या डोक्यावरचा हात

"शंका काढली तर लोक म्हणतील, याचाच डोळा गादीवर आहे," कार्पोस दारातच म्हणाला. "म्हणून तुमच्याकडे आलो, मेलित्ताबाई."

किंख्रिया बंदरातल्या ख्रिस्ती मंडळीचा म्हातारा अध्यक्ष अरिस्तियन नुकताच वारला होता. उद्या रविवारी मंडळी हात वर करून नवा अध्यक्ष निवडणार, आणि तो कार्पोसच, असे सगळे धरून चालले होते. तेवढ्यात स्वयंपाकीण ट्रिफोसाने सांगितले, की अरिस्तियनने मरण्याआधी शिडे शिवणाऱ्या झेनासच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणजे त्यालाच नेमले. मग निवड कसली?

बंदरात कुणाचे काही अडले, की लोक मेलित्ता या विधवेकडे येत. तिच्यासोबत असे तिचा दीर ग्लाऊकॉस, मनाने चांगला आणि डोक्याने निवांत.

ट्रिफोसा चूल फुंकत होती. "त्यांच्या शेवटच्या शनिवारी. ताट उचलायला गेले, तर झेनास गुडघ्यांवर, ढसाढसा रडतोय. बाबा डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होते."

"कसलं ताट?" मेलित्ताने विचारले.

"मासळीचं. कधी नव्हे ते चाटूनपुसून जेवले होते बिचारे."

झेनासने शिडावरून मान वर केली नाही. "तिनं पाहिलं ते खरं आहे."

"अरिस्तियन काय म्हणाले?"

"ते त्यांच्या-माझ्यातलं."

परतताना ग्लाऊकॉस म्हणाला, "रडणारच की. जबाबदारी का थोडी आहे? कार्पोसला सेवक नेमलं तेव्हा आठवतंय ना वहिनी? नेमणाऱ्याचा उपास, त्याचा उपास, वर आपल्या सगळ्यांचा. मला भोवळ आली होती."

"आठवतंय. माझ्याच अंगावर पडलात, भावजी."

"झेनासला उपासाची सवय आहे म्हणा. हिवाळाभर रविवारच्या प्रार्थनेत प्रभूची भाकर न घेता दाराशी उभा असायचा. पोट बिघडलंय म्हणे. अरिस्तियनच्या शेवटच्या रविवारी मात्र घेतली."

मेलित्ता थांबली. कोडे सुटले होते, पण तिला आनंद झाला नाही.

रविवारी पहाटे ती मंडळीपुढे उभी राहिली.

"ट्रिफोसा खोटं बोलली नाही. पण त्या दिवशी अरिस्तियन जेवले होते. भरल्या पोटी त्यांनी कधी कुणाला नेमलंय?"

"मग हात कशाला ठेवला?" ट्रिफोसाने विचारले.

"हात आपण आजाऱ्यावरही ठेवतो. आणि आणखी एका कारणासाठी. ते सांगायचा हक्क माझा नाही."

झेनास दाराजवळून पुढे आला. "कशावरून ओळखलंत?"

"तुम्ही भाकर घेत नव्हता आणि त्या शनिवारनंतर घ्यायला लागलात. पोटदुखीनं कुणी असं गुडघ्यांवर बसून रडत नाही."

झेनासने सगळ्यांकडे पाहिले. "हिवाळ्यात मला पकडून नेलं होतं. मी घाबरलो. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप टाकून सुटलो. प्रभूला असं नाकारणाऱ्याला भाकर नसते, म्हणून दाराशी उभा राहायचो. अरिस्तियननी डोक्यावर हात ठेवून मला क्षमा केली. मग ट्रिफोसा गावभर सांगत सुटली. मला नेमलं नाही म्हणालो असतो, तर का रडलो तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो, ते चुकलं."

मग एकेक करत हात वर झाले, कार्पोससाठी. झेनास मुकाट्याने दाराशी जाऊन उभा राहिला, पूर्वीच्याच जागी.

कार्पोसने भाकर मोडली आणि पहिला तुकडा घेऊन तो दाराशी गेला. मंडळीत कुजबुज उठली.

"अरिस्तियननी ठेवलेला हात मी कोण काढणार?" तो म्हणाला. "घे."