खोकणारा गवा

प्रेमाला कायदा कळत नाही, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. त्यांना समन्स आलेलं नसावं. देवरावला आलं, आणि प्रेम त्या समन्सलाच टाचून आलं.

त्याच्या आठवडाभर आधी चामोर्शीच्या बाजारात तो आपल्या नाटकाच्या जाहिराती वाटत होता. ‘गवा छाप’ बिडीच्या पुड्यावरचं लाल लेबल हुबेहूब उतरवलेलं. फक्त गव्याच्या गळ्यात हाराऐवजी मफलर, आणि गवा खोकतोय. खाली नाटकाचं नाव, मंडईची म्हणजे गावच्या जत्रेची तारीख. एक कागद त्याने भाजी घेणाऱ्या, पांढऱ्या साडीतल्या एका मुलीला दिला. ती इतकी हसली, की हातातली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी खाली पडली. त्याने उचलून दिली... बोटाला बोट लागलं — न लागल्यासारखं. हाताला सांभाराचा वास घेऊन तो घरी गेला.

मग बिडी कारखान्याच्या शेठजींनी दावा ठोकला: आमचं चिन्ह चोरलं, गिऱ्हाईक फसलं, नाटकाला मनाई करा. मंडई नऊ दिवसांवर. मनाई आली तर पडदा उघडणार नव्हता, आणि दिवसभर धान कापून संध्याकाळी तालमी केलेलं गाव देवरावला उभं करणार नव्हतं. वकील शोधत तो चंद्रपूरला गेला. टेबलामागे तीच मुलगी. ॲडव्होकेट सत्यशीला खोब्रागडे.

“तुम्हीच ना... ज्या हसल्या?”

“तोच आपला बचाव आहे,” ती म्हणाली.

नकलेला माफी देणारं कलम आपल्या कायद्याच्या पुस्तकात नाही, हे तिने सरळ सांगून टाकलं. पण दावा फसगतीवर उभा होता, आणि तिच्या मते फसलेला माणूस हसत नाही. हे सांगताना ती पुन्हा हसली. देवराव हसला नाही. त्याचं कामच तमाम झालं होतं.

कोर्टात शेठजींचा साक्षीदार होता लटारू, गवा छापचा रोजचा गिऱ्हाईक. आपण फसलो, असं त्याने लिहून दिलं होतं. सत्यशीलाने नाटकाची जाहिरात त्याच्या हातात ठेवली. लटारूने पाहिलं, ओठ दाबले, आणि फिस्सकन हसला.

“काऊन हसले, लटारूभाऊ?”

“आपला गवा खोकून राह्यला ना, बाई.”

“मग याले बिडी समजून फसले कधी?”

“फसलो नाई. मले त हे नाटक पाहाचं आहे.”

न्यायाधीशांनी तोंडासमोर फाईल धरली. फाईल बराच वेळ हलत होती. मनाईचा अर्ज नामंजूर झाला.

मंडईत पडदा उघडला. गवा खोकला, आणि पाच गावं एकदम हसली. विंगेत तणसाच्या पेंढीवर सत्यशीला बसली होती. देवराव शेजारी येऊन टेकला — मधे एक पेंढी सोडून.

“पुढच्या नाटकात वकीलबाई टाकतो म्हणतो... तुमच्यासारखी.”

“माझी नक्कल केली तर दावा ठोकीन.”

“मग मले कोन वाचवन?”

“मीच.” तिने पर्समधून पेन काढून त्याला दिला. “वकीलपत्र मात्र जन्मभराचं लागेल.”

पेन त्याच्या हातून पडला. या वेळी तिने उचलून दिला.

दुसऱ्या अंकाआधीच मंडईतल्या साऱ्या टपऱ्यांवरच्या गवा छाप बिड्या संपल्या.