तिमिंगिल काय गिळतो?

ढोमा एरवी शहाण्यासारखा वागे. मालवणसमोरच्या समुद्रात माशांचं एक तरंगतं शेत होतं आणि ढोमा तिथला राखणदार यंत्रमानव. आज मात्र त्याने डोळ्यांतले लाल दिवे लावले आणि जाहीर केलं, "सावधान! तिमिंगिल येत आहे. भोंगा वाजवून त्यास हाकलण्यात येईल."

"कोण येतंय?" शाल्मली दचकली. सुट्टीत ती आत्याकडे आली होती. वसुधाआत्या इथली सागरशास्त्रज्ञ.

आत्याने सोनारच्या (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्यातल्या वस्तू दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्याकडे पाहिलं. एक मोठा ठिपका आणि त्याला चिकटून एक लहान.

"अगंबाई, देवमाशाची मादी आहे, पिल्लाला घेऊन! भोंग्याने बिथरून दोघं दोन दिशांना पळतील. अंगावर पिणारं पिल्लू, एकटं नाही जगायचं."

शाल्मलीने आत्याचा हात ओढला. "मग ढोमाला थांबव ना!"

"राक्षस आला तर कुणाचं ऐकू नकोस, असं मीच त्याला शिकवलंय," आत्याने कपाळावर हात मारला. "आणि हौसेने जुना शब्दकोशही मीच भरवला. त्यात तिमिंगिल म्हणजे समुद्रातला राक्षस. आता त्याला पटवण्यावाचून गत्यंतर नाही."

"पण तिमिंगिल म्हणजे मुळात काय?"

"फोड करून बघ. तिमि म्हणजे प्रचंड मासा. आणि 'गिल'? परवा औषधाची गोळी घेताना कशासाठी एवढी नाटकं केलीस?"

"गिळायला! म्हणजे तिमीला गिळणारा तो तिमिंगिल?"

"शाब्बास! जुन्या लोकांनी तिमिंगिलगिलही कल्पिला, म्हणजे तिमिंगिलालाही गिळणारा. अन्नसाखळीच (कोण कुणाला खातो याची ओळ) आहे ती."

म्हणजे या शब्दात गिळण्यापलीकडे काहीच नाही! शाल्मली ढोमाकडे धावली.

"ढोमा, तो येतोय तो काय गिळतो?"

"तिमि. शब्दातच सांगितले आहे."

"शब्दात नको, पाण्यात बघ!"

ढोमाने गुरगुरत कॅमेरा खाली सोडला. पडद्यावर भलामोठा जबडा उघडला. भसाभस पाणी आत गेलं आणि तोंडातल्या झालरीसारख्या पट्ट्यांतून गाळून बाहेर आलं. आत काय उरलं ते ढोमाने पुन्हा पुन्हा तपासलं.

"जवळा," तो गोंधळून म्हणाला.

"चटणीतला?" शाल्मलीला हसू फुटलं. "एवढं धूड आणि गिळतं काय, तर जवळा!"

"तशीच इवलीशी कोळंबी," आत्या म्हणाली. "अख्खा माणूस त्याच्या घशाखाली उतरणारच नाही. पण होडीतून हा जबडा बघणाऱ्यांची पाचावर धारण बसली असणार. मला वाटतं, त्या भीतीतूनच राक्षस जन्मला."

ढोमाने कॅमेरा वर ओढून घेतला. मग लाल दिवे विझले. "राक्षस आढळला नाही. भोंगा रद्द."

मायलेकरं अगदी जवळून गेली. पिल्लाने सोडलेल्या फवाऱ्याने शाल्मली नखशिखान्त भिजली. तिला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

"माझा धाकटा भाऊ, नवा यंत्रमानव, गुरूच्या चंद्रावरचा बर्फाखालचा समुद्र पाहण्यास जाणार आहे," ढोमा हळूच म्हणाला. "तिथे कुणी अनोळखी भेटले, तर त्याने काय करावे?"

"आधी नीट बघायचं," शाल्मली केस पिळत म्हणाली, "आणि मग त्याला नाव ठेवायचं. नाहीतर आपण नुसती नावंच ठेवत बसतो."