सदूभाऊंचा नवा मदरबोर्ड

सदूभाऊ मोदकांपायी बंद पडले. मोदक झाले की नाही ते निहारला बघायचं होतं, म्हणून त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं आणि आत वाकून बघितलं. वाफ थेट त्यांच्या छातीच्या जाळीतून आत शिरली. ‘फट्’ असा आवाज झाला आणि तीन वर्षं घरभर लुडबुडणारा हा यंत्रमानव ओट्याला टेकून गप्प झाला.

दुरुस्ती केंद्रातला माणूस फोनवर म्हणाला, “मदरबोर्ड गेला. नवा बसवू, सगळं पुसून कार्यप्रणाली पुन्हा भरू. एकदम नव्यासारखा होईल.”

“नव्यासारखा नकोय,” शाल्मली म्हणाली. “आमचाच हवाय.”

दहा वर्षांच्या शाल्मलीचा हा नुसता हट्ट नव्हता. तिच्या धाकट्या भावाला, निहारला, ऐकू येत नाही. शाळेतली खुणांची भाषा तो आता कुठे शिकत होता. घरात मात्र त्याची स्वतः रचलेली भाषा चालायची. कानाची पाळी दोनदा ओढली की लोणचं, कोपर चाटायची खटपट केली की कंटाळा. अशा चारशे बारा खुणा सदूभाऊंना पाठ होत्या. निहारचे हात हलले की ते बोलून सांगत. घरातल्या गोष्टी घरातच राहाव्यात म्हणून आईने या खुणांची दुसरी प्रत कुठेही ठेवली नव्हती. सदूभाऊंची पाटी कोरी झाली, तर निहारचं बोलणंच पुसलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून आबा आले, पिशवीत नवा मदरबोर्ड घेऊन. आबा म्हणजे आईचे वडील, निवृत्त संगणकशास्त्रज्ञ.

“आबा, मेंदूच बदलल्यावर त्यांना आम्ही आठवू का हो?” शाल्मलीचा आवाज रडवेला झाला होता.

“मेंदू कसला! मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर जोडतात ती मुख्य पाटी) म्हणजे तुमचा स्वयंपाकाचा ओटा समज. नळ, शेगडी, मिक्सर, सगळं त्यावर. पण डबे कुठे असतात?”

“फडताळात.”

“हे सदूभाऊंचं फडताळ.” आबांनी बोटाएवढी एक पट्टी काढून दाखवली. “कार्यप्रणाली (यंत्राचा सगळा कारभार बघणारी आज्ञावली) आणि निहारच्या खुणा हिच्यात आहेत. हिला वाफेचा थेंबही लागलेला नाही.”

शाल्मलीला जरा हायसं वाटलं. आबांनी ती पट्टी नव्या पाटीवर बसवली, पाटी सदूभाऊंच्या छातीत जोडली आणि कळ दाबली. सदूभाऊंच्या छातीवर अक्षरं उमटली : अठ्ठेचाळीस अंकी राखीव किल्ली द्या.

“बरोबर आहे त्यांचं,” आबा म्हणाले. “आठवणींना कुलूप आहे आणि किल्ली जुन्या पाटीवरच्या चिपमध्ये होती. ती पाटी दिसेना, म्हणजे कुणी पट्टी चोरली असेल, असं त्यांना वाटतंय. मेधा, राखीव किल्ली कुठे लिहून ठेवलीस?”

आईचा चेहरा पडला. “भिंतीवरच्या कॅलेंडरवर. जूनच्या पानावर. तीन वर्षांपूर्वीच्या.”

माणसं चंद्रावर राहायला गेली तरी या घरात वह्यांना कव्हरं घातली जात ती जुन्या कॅलेंडरच्या पानांचीच! माळ्यावरून वह्यांचा गठ्ठा उतरला. आई, आबा आणि शाल्मली कव्हरं सोलत बसले. निहारला तर हा खेळच वाटला. जून सापडला शाल्मलीच्या परिसर अभ्यासाच्या वहीवर. शेवटचे सहा आकडे मात्र डिंकाने चिकटलेल्या घडीत. श्वास रोखून तिने ओल्या फडक्याने ती घडी सोडवली.

कुलूप उघडलं. सदूभाऊंचे डोळे लुकलुकले आणि पुन्हा विझले. तीनदा तसंच.

“आता काय झालं?” शाल्मलीने विचारलं.

“सवय, बाळा. प्रत्येक भागाशी बोलायला चालक (त्या भागाची भाषा जाणणाऱ्या छोट्या आज्ञावल्या) लागतात. सदूभाऊंकडे चालक आहेत ते जुन्या पाटीचे. ओटा बदलला, पण हात जुन्या जागीच नळ शोधतोय. खरं तर बदलायच्या आधीच जुने चालक काढून ठेवायचे असतात. पण हे कुठे सांगून बंद पडले!”

आबांनी मोजक्या, अगदी गरजेच्या चालकांवर सदूभाऊंना सुरू केलं, जुने चालक काढले आणि आज्ञा दिली : सगळे भाग नव्याने ओळखून घ्या. त्याला दहा मिनिटं लागली.

सदूभाऊंनी डोळे उघडले. निहार धावत आला, त्याने दोन्ही टाचा आपटल्या.

“याला टेकडीवर जायचंय,” सदूभाऊ म्हणाले. आईने डोळे पुसले.

मग निहारने स्वतःच्या छातीवर दोनदा थाप मारली आणि हात उलटे करून इकडेतिकडे पाहिलं.

“ही खूण माझ्याकडे नाही,” सदूभाऊ म्हणाले.

आबा चपापले. काही पुसलं गेलं की काय?

शाल्मलीला मात्र हसू फुटलं. “असेल कशी? कालपासूनची आहे ती. तुम्ही बंद पडलात ना, तेव्हापासून तो घरभर हेच विचारतोय, सदूभाऊ कुठे गेले म्हणून. आता तुम्हालाच विचारतोय, कुठे होतात!”

“तुला बरं कळलं?” आबांनी विचारलं.

“कळलं,” ती म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. सदूभाऊ नसताना निहारची भाषा ती सरळ त्याच्याकडूनच शिकली होती.

“म्हणजे एक चालक तुझ्या डोक्यातही तयार झाला म्हणायचा!” आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सदूभाऊंनी चारशे तेरावी खूण नोंदवून घेतली. मग ते निहारसमोर गुडघ्यांवर बसले, त्याचा हात आपल्या छातीवर ठेवला आणि तिथेच धरून राहिले.