कपाटातली पाच रोपं

आईचं चादरी ठेवायचं कपाट आमच्या माळ्यावर आहे. ओक लाकडाचं, दोन दारांचं. ऑक्टोबरात माझ्या धाकट्या भावाने, तोनने, त्याच्या फळ्या काढल्या, आतून पांढरा रंग दिला, वर ठरल्या वेळी आपोआप लागणारा-विझणारा दिवा टांगला आणि वास पसरू नये म्हणून मागच्या बाजूने कोळशाच्या गाळणीचा पाइप धुराड्यात सोडला. तेव्हा त्याला जिना चढता येत होता. डिसेंबरपासून तो खालच्या खोलीतच असतो.

तोनला हाडांचा कर्करोग आहे. मॉर्फिनने त्याला उलट्या होतात, माणसं ओळखू येत नाहीत. शेजारच्या बेपने सुचवलं की गांजाचं तेल काढून थेंब-थेंब द्यायचं. तिने स्वतः नवऱ्यासाठी काढलं होतं. पाच कलमं तिनेच आणून दिली, भाजीच्या पिशवीत, वर कोबी ठेवून.

"बाई गं त्रूस," ती म्हणाली, "रोज देवळात पहिल्या बाकावर बसणारी तू, आणि घरात गांजा!"

"देवाला ठाऊक आहे कशासाठी ते," मी म्हटलं.

"देवाचं सोड. पाच रोपांपर्यंत पोलीस डोळेझाक करतात, पण दिवा लावला की नाही करत. आणि अंधार म्हणजे अंधार हं. संध्याकाळी सातला दिवा बंद झाला की सकाळी सातपर्यंत दार उघडायचं नाही. उजेडाची तिरीप गेली तरी रोपं बिघडतात."

ते मी पाळलं. पाळणं मला जमतं. रोज सकाळी साडेसहाला मी मारियामातेपुढे मेणबत्ती लावते आणि जपमाळ पूर्ण करते. आई गेल्यापासून अकरा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. जप संपला की माळ्यावर जायचं, दिवा लागल्याचा टक् आवाज ऐकायचा, मग कुलूप काढायचं. किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिशात असते.

चूक केली ती एकच. आमच्या ब्राबांट प्रांतातल्या कॅथलिकांत माणूस गेलं की त्याचा फोटो आणि प्रार्थना छापलेलं छोटं कार्ड वाटतात. ते प्रार्थनापुस्तकात ठेवायचं आणि त्या जिवासाठी प्रार्थना करायची, एवढाच त्याचा उपयोग. त्याच्याकडे मागायचं काही नसतं. मी आईचं कार्ड कपाटात आतून टाचलं. म्हटलं, "आई, तुझ्या हाताला गुण होता. बघ जरा यांच्याकडे. तोनचा त्रास संपू दे."

आईच्या हाताला खरंच गुण होता. घरामागच्या काचेच्या खोपटात ती टोमॅटो लावायची. रोज सकाळी पानांच्या बेचक्यातली बगलफूट अंगठ्याच्या नखाने खुडायची आणि जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडायची. पेपराच्या चारही कडा आत दुमडायची, माती सांडू नये म्हणून. उन्हाळाभर तिचा अंगठा हिरवा-काळा असायचा, रविवारी देवळात मिसेला जातानासुद्धा. कमजोर रोप ती ठेवत नसे. आदल्या दिवशी बुंध्याभोवतीची माती अंगठ्याने दाबून दाबून सैल करायची आणि दुसऱ्या दिवशी उपटायची. "त्यालाही त्रास नको," म्हणायची. तोन लहानपणी त्या उपटलेल्या रोपांसाठी रडायचा. एकदा त्याने एक रोप डब्यात लावून पलंगाखाली लपवलं होतं. तो स्वतः सातव्या महिन्यात जन्मलेला.

कार्ड लावलं त्याच्या तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं, तर पाचही रोपांची बगलफूट खुडलेली. खाली वर्तमानपत्र, त्यावर कोवळे फुटवे ओळीने, कडा दुमडलेल्या.

मी खाली जाऊन तोनला विचारलं, "तू माळ्यावर गेला होतास?"

तो हसला. "हो ना. नाचत गेलो. मला संडासापर्यंत तूच नेतेस, विसरलीस काय?"

मला वाटलं बेप असेल. पण बेपकडे किल्ली नाही. आणि आमच्याकडे वर्तमानपत्र येत नाही. आई गेली त्या महिन्यात बंद केलं.

रोपं मात्र जोमाने वाढली. जानेवारीच्या मध्यावर त्यांची फुलं बोटाएवढी झाली. दार उघडलं की गांजाच्या उग्र वासाआधी दुसराच वास यायचा, टोमॅटोच्या पानांचा. जानेवारीत. मी त्याबद्दल कुणाला बोलले नाही. बेप एकदा बघायला आली, तिने बुंध्यावरची नखाची खूण निरखली. "माझ्यापेक्षा सफाईने खुडतेस की. कुणी शिकवलं?"

"आईने," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

मग एका सकाळी पाचव्या कुंडीतली माती भुसभुशीत दिसली. बुंध्याभोवती अंगठ्याचे ठसे, गोल. ते रोप इतरांपेक्षा वीतभर बुटकं होतं. मी माती पुन्हा घट्ट केली. संध्याकाळी माळ्याच्या दाराला खालून शिवणाचा दोरा बांधला.

सकाळी दोरा तसाच होता. रोप वर्तमानपत्रावर आडवं ठेवलेलं होतं, मुळं धुतल्यासारखी स्वच्छ.

आठवड्याने चौथं रोप. त्याची फक्त चार-दोन पानं पिवळी पडली होती. आदल्या दिवशी तसेच ठसे, तशीच सैल माती.

"तीन रोपांत भागेल का गं?" मी बेपला विचारलं.

"वसंतापर्यंत पुरेल, काटकसरीने. पण आता एकही जाऊ देऊ नकोस. अजून दोन आठवडे फुलं पिकायला लागतील. तोवर त्याचं काय?"

तोवर त्याचं काय, हे मलाही कळत नव्हतं. डॉक्टर त्याच्या मॉर्फिनचं प्रमाण वाढवा म्हणत होते. तोन दात आवळून पडून राहायचा आणि मी आत आले की विनोद करायचा. ते विनोदच मला सोसत नव्हते.

काल सकाळी तिसऱ्या रोपाचं एक पान पिवळं दिसलं. तेव्हाच मी टाचण्या काढल्या. कार्डावर आईच्या चेहऱ्याशी हिरवट डाग पडला होता, पुसला तरी गेला नाही. मी कार्ड घेऊन खाली आले. चुलीत टाकायचं धैर्य झालं नाही. आईचं तोंड आहे ते.

तोनने पाहिलं. "काय लपवतेस?"

"काही नाही. आईचं कार्ड."

"दे इकडे. कपाटात ठेवलं होतंस ना? बेपने सांगितलं." त्याने हात पुढे केला. मनगट केवढंसं झालंय. "गांजाची राखण करायला आई! जिवंत असती तर झाडूने बडवलं असतं दोघांना."

"मी पुस्तकात ठेवते."

"माझ्या पुस्तकात ठेव. इथे, उशाशी. अगं दे ना त्रूस. मलाही आई हवी असते कधीकधी."

मी दिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला 'नाही' म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं, की रोपं आता वाचतील.

रोपं वाचली. आज सकाळी सातला कपाट उघडलं. तिन्ही सरळ उभी, माती घट्ट. टोमॅटोचा वास नाही.

तो वास खाली होता.

तोन जागा होता. उशीला टेकून, शांत. कित्येक आठवड्यांत त्याच्या कपाळावर आठी नाही असं मी पाहिलं नव्हतं.

"आज दुखत नाहीये," तो म्हणाला. "अजिबात नाही. कसं मोकळं मोकळं वाटतंय. कुणीतरी आतून सैल केल्यासारखं."

त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. मानेभोवती, गळ्याच्या खळगीपासून थेट मागपर्यंत, हिरवे-काळे ठसे होते. गोल. अंगठ्याएवढे.

"काय बघतेस?"

"काही नाही. कॉफी आणते."

मी त्याच्या उशाशी असलेलं पुस्तक उघडलं. कार्ड जागेवर होतं. उचलून कुठे ठेवायचं, ते कळेना. बेपच्या घरी? देवळात? कुठेही ठेवलं तरी तिथे माणसंच असणार. पुस्तक मिटलं.

आजची मेणबत्ती लावली होती, जपही झाला होता. उद्याचा नेम करायला बसेन, तेव्हा काय मागायचं? त्याला त्रास नको, हे तर मी मागितलेलंच आहे.

कॉफी घेऊन परत आले तेव्हा तोन झोपला होता, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायचा तसा. कप ठेवायला वाकले तेव्हा पलंगाशेजारी जमिनीवर पाहिलं.

वर्तमानपत्र पसरलेलं होतं. अजून रिकामं. पलंगाएवढं लांब होण्यासाठी पानं एकमेकांवर चढवून लावलेली, आणि चारही कडा आत दुमडलेल्या.