टेका जरा

आकुर्डीच्या अर्जुनरावांना दोघांचा तिटकारा होता: कारखान्यातले साहेब आणि बिरू. साहेबांना पोहता येत नसे, तरी ते पाण्यावर अक्कल पाजळत. बिरू माशासारखा पोहे, पण त्याच्या डोक्यात भुसा, असं अर्जुनरावांचं ठाम मत.

नौदलातून आलेले अर्जुनराव पाठीला हवेची टाकी बांधून मावळातल्या धरणात उतरत आणि कारखान्यांना पाणी नेणाऱ्या नळाच्या तोंडावरची जाळी साफ करत. जोडीला बिरू. त्याचं गाव याच धरणात बुडालेलं. नावेतून सोडलेल्या दोराला तीन पुरुष खोलीवर लाल चिंधी बांधलेली असे. वर येताना तिथं थोडा वेळ थांबायचं, म्हणजे रक्तात मुरलेली हवा सावकाश सुटते. नाहीतर माणूस लुळा होतो. बिरू तिथं चक्क मांडी घालून हात जोडी.

"देवळातनं निघताना पायरीवर टेकत्यात न्हवं? आमचा भैरोबा खाली हाय, राव," तो म्हणे.

याला रक्तातली हवा काय समजावणार? गाढवाला गुळाची चव काय!

त्या सकाळी जाळीपाशी गाळ उसळला आणि बिरू दिसेनासा झाला. जोडीदार चुकला तर थोडं शोधायचं आणि वर यायचं, हा नियम. अर्जुनरावांनी चाचपून पाहिलं, आणि ते चरफडत चिंधीपर्यंत आले.

आता थांबायचं का? बिरू खाली अडकला असेल तर त्याची हवा संपत आली होती, आणि भरलेली टाकी वर नावेत, नाव सांभाळणाऱ्या दादूपाशी. या येड्यापायी आपले पाय गमवायचे? अर्जुनरावांनी मनातल्या मनात सणसणीत शिवी हासडली. तरी वर जायला दोर सोडलाच.

खांद्यावर हात पडला.

बिरू. शेजारी मांडी घालून, शांत. त्यानं खूण केली: टेका जरा.

अर्जुनरावांचा जीव भांड्यात पडला. मग तळपायाची आग मस्तकात गेली. वर गेल्यावर याच्या कानाखाली वाजवायची, असं ठरवून ते पुरता वेळ थांबले. त्यांच्या तोंडचे बुडबुडे वर जात होते.

बिरूचे जात नव्हते. ते त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. वळून पाहिलं तर शेजारी नुसतं पाणी.

नावेत दादू एकटाच.

"बिरू?"

"खालीच हाय की!"

टाकी घेऊन ते परत उतरले. बिरूचा पट्टा जाळीत अडकला होता. तो उभाच होता, हवेचा काटा शून्यावर.

"उलीसं आधी आला असता तर..." मढं नावेत घेताना दादू बोलला.

अर्जुनराव अजून धरणात उतरतात. साहेबांचा तिटकारा तसाच आहे. चिंधीपाशी मात्र ते मांडी घालून बसतात, जरा सरकून. सरकले नाहीत, तर खांद्यावरचा हात निघत नाही.